मोयनोकचा उंबरठा

कारा-बुलुन, ९ नोव्हेंबर १९९६

माझ्या शहरातल्या एजे,

तुमच्या गुडघ्यांना आता आराम आहे ना? फ्लॅटमध्ये गरम पाणी येतं का? आमच्याकडे माणसं आणि जनावरं, सगळी ठीक आहेत. तुमचे भाऊ मेंढ्या घेऊन हिवाळी कुरणावर गेले. आता ते अधूनमधूनच खाली येतील.

शाळेला कोळसा आलाच नाही. मुख्याध्यापक म्हणाले, वसंतापर्यंत मुलांनी घरीच वाचावं. घरी वाचायचं म्हणजे शेणी फोडायच्या आणि बर्फ वितळवायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या तोक्तोला तुम्ही ठेवून घेतलंत, तिथल्या शाळेत बसवलंत, हे मी विसरणार नाही. बाकासच्या गाडीतून लोणी, वाळवलेलं मांस आणि दह्याच्या सुक्या गोळ्या पाठवते आहे. गोळ्या तिच्या हाती लागू देऊ नका. उशीखाली लपवून खाते आणि सकाळी पोट दुखतं म्हणून रडते.

ती झोपते का नीट? लिहा.

तिचा कुत्रा मोयनोक तिची गाडी वळली त्या वळणावर बसून असतो. हाडं मी तिथेच नेऊन टाकते. खातो, पण माझ्याकडे न बघता, जशी काही ती गाडी मीच चालवत होते. संध्याकाळी मात्र घरी येतो आणि रोजच्यासारखा दाराबाहेर आडवा पडतो. तेवढं तो विसरलेला नाही.

तुमची
कालिपा


बिश्केक, २१ नोव्हेंबर

कालिपा,

‘शहरातल्या एजे’ काय, नुसती ‘ताई’ काय? तुझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली, आता तरी मला सायरा म्हण. नवऱ्याच्या थोरल्या बहिणीचं नाव घेतलंस म्हणून तुझी जीभ झडणार नाही. जुमाबेकचं घे असं मी म्हणत नाही. तो लाजून कुरणावरच राहील.

खाली दोन गोष्टी लिहिते, त्या वाचून लगेच रडायला बसू नकोस.

तुझी मुलगी जेवत नाही. माझ्या हातचं आवडत नसेल म्हणून मी शेजारच्या क्लावदियाकडून सूप आणलं, तेही नको. आणि झोपायच्या वेळी उठून बाहेरच्या खोलीत जाऊन दाराकडे बघत उभी राहते. मी विचारलं, काय गं? तर म्हणते, “सायरा एजे, दाराबाहेर कोण झोपतं?”

“कोणी नाही. तिथे जिना आहे.”

“मग दार कोण बघतं?”

मी तिला दोन्ही कुलपं दाखवली, साखळी दाखवली. तिने हात लावून पाहिला आणि म्हणाली, “कुलपाला ऐकू येत नाही.” तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढली, पण अशी रोगी पाहिली नाही.

क्लावदियाचा एक पांढरा लहानसा कुत्रा आहे, बुस्या नावाचा. तो पलंगावर झोपतो, उशी घेऊन. ती सोफ्यावर. मी म्हटलं, तू का नाही पलंगावर? तर म्हणाली, त्याला एकट्याने झोपायची सवय आहे, मी कूस बदलली की रागावतो. तोक्तोने हे सगळं तोंड उघडं टाकून ऐकलं. मग तिला विचारलं, “घरात कुत्रा असला तर तुमच्याकडे देवदूत येत नाहीत ना?” क्लावदिया म्हणाली, “येतात गं, पण बुस्या भुंकून घालवून देतो.” त्या दिवशी तुझी मुलगी इथे आल्यापासून पहिल्यांदा हसली.

तेव्हा मनात आलं ते लिहिते. जुमाबेक मेंढ्या विकायला ट्रकने बाजारात येणार आहे ना? त्याच ट्रकमध्ये मोयनोकला चढवून पाठव. तिकडे वळणावर बसण्यापेक्षा इकडे बसेल.

सायरा (नाव नीट वाच)


कारा-बुलुन, ३० नोव्हेंबर

एजे,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि रडायला बसले नाही. गाईची धार काढायची होती.

मोयनोकला पाठवते आहे. पण आधी हे वाचा. तोक्तोच्या चाळिशीला, तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला, तुम्ही आला नव्हतात, तुमची रजा मंजूर झाली नव्हती. म्हणून तुम्हाला सगळं माहीत नाही.

माझ्या पहिल्या तिघांची चाळिशी झालीच नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तिघांचे पहिले सदरे शिवून ठेवलेले होते. ते तसेच पेटीच्या तळाशी पडून राहिले. चौथ्या वेळी ही झाली, तेव्हा सासूबाईंनी नाव ठेवलं तोक्तोबुबू, म्हणजे हिने तरी थांबावं. मग गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसांच्या कपड्यांचे तुकडे मागून आणले आणि तिचा पहिला सदरा शिवायला बसल्या. इथवर सगळं रीतीप्रमाणे. पण शिवता शिवता त्या उठल्या, पेटी उघडली, आणि त्या तीन सदऱ्यांचा एकेक तुकडा कापून यात जोडला. मला म्हणाल्या, “जे काही या घराच्या मागे लागलंय ते सगळं एकदाच जाऊ दे.” मी अंथरुणात होते. बाळ अंगावर पीत होतं.

चाळिसाव्या दिवशी तो सदरा, त्यात मिठाई बांधून, मोयनोकच्या गळ्यात अडकवला. तेव्हा तो वर्षाचा असेल. मानेभोवतीचा पांढरा पट्टा अगदी दुधासारखा. गावची पोरं आरडाओरडा करत मागे धावली. पोरं कुत्र्याला गाठतात, खाऊ वाटून घेतात, सदरा परत आणून देतात, बाळाचं दुखणं तेवढं कुत्र्याबरोबर जातं. तुमच्याआमच्या लहानपणी आपणही धावलोय. पण मोयनोक कोणाला सापडला नाही. थडग्यांच्या टेकडीमागे गेला, आणि संध्याकाळी परत आला तेव्हा त्याचा गळा मोकळा होता. सदरा कुठे पडला, कोणाला मिळाला नाही.

तो आत यायला लागला तशा सासूबाई दारात आडव्या आल्या. त्याला म्हणाल्या, “तू घेऊन गेलास, आता तुझी जागा बाहेर. तू आत आलास तर तुझ्यामागून ते सगळं आत येईल.” असं त्या एखाद्या माणसाशी बोलावं तशा बोलल्या. तेव्हापासून एजे, कडाक्याच्या थंडीतसुद्धा त्याने उंबरठ्यावर पाय ठेवलेला नाही. आणि तोक्तो थांबली. तुम्ही दवाखान्यात काम केलंय, तुम्हाला हसू येईल. हसा. पण मला तीन गेलेली आहेत आणि एक आहे.

म्हणून अट एकच. तो बाहेर झोपेल. तुमच्या दारात, जिन्यात, अंगणात, कुठेही. आत नाही.

कालिपा


बिश्केक, १३ डिसेंबर

कालिपा,

तुझा पाहुणा पोचला. ट्रकमध्ये मेंढ्यांच्या मधे असा बसला होता की जुमाबेक म्हणाला, वाटेत पोलिसाने याचीच कागदपत्रं मागितली. तोक्तो पायात बूट न घालता धावत खाली गेली. मी ओरडले, पण मोयनोकने तिच्या तोंडाला तोंड लावलं आणि ती जमिनीवरच बसली, मग मी तिचे बूट घेऊन खाली गेले.

तुझी अट पाळली आहे. क्लावदियाचं जुनं कपाट मोडायला काढलं होतं, ते अंगणात जिन्याच्या कोपऱ्यात आडवं टाकलं, आत तुझ्या सासूबाईंची, म्हणजे माझ्या आईची, जुनी घोंगडी अंथरली. कपाटाच्या दाराला आतून आरसा आहे. मोयनोक पहिल्या दिवशी आरशातल्या कुत्र्याकडे बराच वेळ बघत होता. मग त्याच्याकडे पाठ करून झोपला.

तुझी मुलगी आता जेवते. पाव घेऊन खालच्या पायरीवर बसते, अर्धा तिचा, अर्धा त्याचा. संध्याकाळी त्याला दोरी सोडली की चौथ्या मजल्यापर्यंत तिच्याबरोबर येतो आणि माझ्या दारापाशी थांबतो. तोक्तो एकदा “ये” म्हणाली. तो तिच्याकडे बघत राहिला, आला नाही. मी तिला रागावले आणि त्याला खाली नेलं.

आईने असं केलं होतं, मला माहीत नव्हतं. तिने तुझी पेटी उघडली, हे वाचून मला काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. मला चाळिशी करायची वेळ कधी आली नाही. पण पेटी उघडताना तिने तुला विचारायला हवं होतं.

सायरा


कारा-बुलुन, २५ डिसेंबर

एजे,

तोक्तो जेवते, हे वाचून मीही जेवले.

एक विचारायचं आहे. मोयनोक बाहेरच आहे ना?

का विचारते ते सांगते. तुमचे भाऊ कुरणावर आहेत, घरात मी एकटी. मोयनोक गेल्यापासून संध्याकाळी, मी दूध गाळायला बसते त्या वेळी, दार खरवडल्याचा आवाज येतो. पहिल्यांदा वाटलं, गोठ्यातलं कोकरू सुटलं. उघडलं तर कोणी नाही. मग वाटलं लांडगा असेल, तर बर्फावर पाऊल नाही. वारा पावलं पुसतो, हे मला समजतं. पण वारा दार खरवडत नाही.

शेजारच्या म्हातारीला सांगितलं. ती म्हणाली, एकट्या बाईला असं होतं, रेडिओ लाव. रेडिओ लावला. बातम्यांच्या आवाजातही ऐकू येतं.

मी अर्चाच्या झुडपाच्या फांद्यांची धुरी करते, दारातून, खिडक्यांवरून, गोठ्यावरून. आणि आवाज आला की आतून “जा” म्हणते. मग थोडा वेळ थांबतं.

त्याला आत घेऊ नका, एजे. घेतलं असेल तर खरं लिहा.

कालिपा


बिश्केक, ६ जानेवारी १९९७

कालिपा,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. इथे सगळं व्यवस्थित आहे. मोयनोक ठीक, तोक्तो ठीक. तिला जरा सर्दी झाली होती, या दिवसांत सगळ्यांनाच होते. आता ती अंथरुणात बसून त्याच्या पोटाला पाय लावून धडे वाचते, म्हणजे पाय गार पडायला नकोत.

आवाजाचं म्हणशील तर थंडीने लाकूड आकसतं. जुन्या दाराचं होतं असं. जुमाबेकला खाली आला की दार तपासायला सांग.

बाकास घाई करतोय, म्हणून थोडक्यात लिहिते.

सायरा


कारा-बुलुन, १९ जानेवारी

एजे,

अंथरुणात बसून ती कुत्र्याच्या पोटाला पाय लावते, म्हणजे कुत्रा अंथरुणाशी आहे. तुम्हाला खोटं लिहिता येत नाही. आणि पाकिटाच्या डिंकाला पांढरा केस चिकटला होता, त्याच्या मानेचा. तो मी अजून टाकलेला नाही.

पत्र वाचलं आणि तशीच बूट घालून बाकासकडे गेले. म्हटलं, मला आत्ता शहरात ने. तो गाडीखाली झोपून काहीतरी ठोकत होता. वहिनीचा मान देत म्हणाला, “जेंगे, खिंड बंद आहे. गाडी बंद आहे. मी तेवढा चालू आहे. पाठीवर बसतेस?” मी हसले नाही, तसा तो बाहेर आला आणि त्याच्या बायकोने मला चहा दिला. खिंड उघडल्याशिवाय इथून कोणी जात नाही, कोणी येत नाही. हे पत्रही कधी निघेल कोण जाणे.

घरी येताना मी वाटभर चिडत होते. आधी तुमच्यावर, मग त्या मुक्या जनावरावर, मग सासूबाईंवर. मेलेल्या माणसावर चिडलं की त्याला उत्तर देता येत नाही, म्हणून आणखी चिडले. आल्या आल्या लोखंडी तव्यावर अर्चा पेटवली, तवा दाराशी जमिनीवर ठेवला आणि दूध गाळायला बसले. आज काहीही आलं तर हाकलून लावायचं, टेकडीपलीकडे, माझ्या मुलीपासून लांब.

खरवडायला लागलं. मी दार उघडलं. अंगण अजून उजेडात होतं, बर्फ सपाट, कुठे ओरखडा नाही. कोणी नाही. थंडी आत आली. आणि एजे, ती खालून आली. चेहऱ्याला लागली नाही, पायाला लागली. तव्यावरचा धूर सरळ वर जात होता तो जमिनीलगत बाजूला झाला, जसं कोणी त्याला हाताने वाट करावी.

तेव्हा मी दाराकडे पाहिलं. महिनाभर ऐकते आहे, पण पाहिलं नव्हतं. खरवडल्याचा आवाज येत होता तो दाराच्या अगदी तळाशी. लांडगा वर खरवडेल. कुत्रा वर खरवडेल. हे त्याच्याही खाली, उंबरठ्याला लागून. जे पोटावर पडलेलं असतं, ज्याला मान उचलता येत नाही, त्याचा हात तिथेच पोचतो.

माझ्या तिघांपैकी कोणी रांगायला शिकलं नव्हतं, एजे. मोयनोकने त्यांना टेकडीमागे नेऊन टाकलं, तिथून दारापर्यंत ते आले कसे असतील? किती दिवस सरकत असतील? आणि आले की दारात तो आडवा पडलेला. त्याला सांगितलं होतं ना, येऊ द्यायचं नाही. त्याने आपलं काम केलं. इतक्या वर्षांत एकदासुद्धा त्याने चूक केली नाही. तो गेला, तर आतून मी. महिनाभर मी त्यांना काय म्हणत होते? “जा” म्हणत होते.

मी तवा उचलला आणि धूर बर्फात विझवला. दार उघडंच ठेवलं आणि म्हटलं, “या.”

मग काय झालं ते विचारू नका. काही झालं नाही. मी दार लावलं, पाळणा गोठ्याच्या माळ्यावर होता तो खाली काढून पुसला, आणि दूध प्यायले. बऱ्याच दिवसांनी ते मला गरम लागलं. त्यानंतर खरवडणं थांबलं आहे.

आता नीट वाचा. मोयनोकला बाहेर काढू नका. आतच ठेवा, दाराच्या आतल्या बाजूला, तोक्तोच्या पायाशी. सासूबाई म्हणाल्या होत्या, तो आत आला तर त्याच्यामागून ते आत येईल. त्याच्यामागून यायला आता काही उरलेलं नाही. जे बाहेर होतं ते माझ्याजवळ आहे. ते इथे आहेत म्हणजे तिथे नाहीत. एवढं मला कळतं.

आणि तोक्तोला काय झालंय ते लिहा. सर्दी नाही, ते मला ठाऊक आहे.

तुमची
कालिपा


बिश्केक, ८ फेब्रुवारी

कालिपा,

खिंड उघडली आणि तुझं पत्र आज आलं. मी ते जिन्यातच उभी राहून वाचलं. आता सगळं लिहिते.

डिसेंबरच्या शेवटी नगरपालिकेचे बंदूकवाले आमच्या वस्तीत आले. भटके कुत्रे मारतात. गळ्यात दोरी असली तरी बघत नाहीत. पलीकडच्या अंगणातला आवाज ऐकून तोक्तो किंचाळली, आणि मी अशीच स्वयंपाकाच्या हातांनी खाली धावले. दोरी सोडली आणि मोयनोकला वर ओढलं. जिना तो चढला. दारापाशी मात्र चारही पाय रोवले. मी आणि क्लावदियाने त्याला दोघी मिळून आत खेचलं. उंबरठ्याच्या फरशीवर त्याच्या नखांचे ओरखडे अजून आहेत. भुंकला नाही, चावला नाही. माणूस रडतो तसा आवाज केला. आत आल्यावर त्याने आमच्याकडे पाहिलं नाही, तोंड दाराकडे करून बसला.

त्याच्या पुढच्याच आठवड्यात तोक्तोला ताप भरला. छातीत. दवाखान्यात ठेवायला मी तयार होते, पण वॉर्ड गरम ठेवणारे नळसुद्धा चालत नाहीत, म्हणून घरीच इंजेक्शनं दिली. मी नर्स आहे, कालिपा. थंडीत दगडी पायरीवर बसून कुत्र्याला पाव भरवणाऱ्या मुलीच्या छातीत सर्दी उतरते, हे मला समजतं. तुला सर्दी लिहिली आणि पत्र बाकासच्या हाती दिलं. ताप उतरेना तेव्हा मला काही समजेनासं झालं. तुझी अट डोक्यात घुमायला लागली. आईचा आवाज यायला लागला, “तू आत आलास तर.” मी क्लावदियाला विचारलं, बंदूकवाले परत कधी येणार? तिने सांगितलं, गुरुवारी. गुरुवारी मी मोयनोकला दोरी बांधली.

तो उठला, कालिपा. ओढावं लागलं नाही. बाहेर जायचं म्हटल्यावर तो स्वतःच माझ्यापुढे दारापाशी गेला, जसं काही याचीच वाट बघत होता. मी एक कुलूप काढलं. दुसरं काढताना मागून तोक्तो म्हणाली, “मोयनोक कुठे चाललाय? मग दार कोण बघणार?”

क्लावदिया आत माझ्याशेजारीच उभी होती. ती बुस्याला छातीशी धरून म्हणाली, “सायरा, आत काय आहे आणि बाहेर काय आहे हे तुझ्या आईला माहीत होतं, तुला माहीत नाही. कुलूप लाव.” मी कुलूप लावलं.

त्यानंतरचे दिवस तो तिच्या पलंगाशी बसून राहिला, तोंड दाराकडे, मान ताठ, केस उभे. खायला घातलं तर दाराकडे बघतच खायचा. मग एका संध्याकाळी, मी सुई उकळत होते, तो उठला, दारापर्यंत गेला, खालच्या फटीला नाक लावून बराच वेळ वास घेतला आणि परत आला. तिच्या पायाशी अंगाचं वेटोळं केलं आणि घोरायला लागला. इतका मोठ्याने की तोक्तो हसली. सकाळी तिचा ताप उतरलेला होता.

तारीख मी लिहून ठेवलेली नाही. ठेवली असती तरी तुझ्या पत्राशेजारी धरून पाहिली नसती. कोणी विचारलं तर मी सांगेन, पेनिसिलिनने उतरला. सांगते तेव्हा माझा आवाज नर्ससारखाच असतो.

आता तुझ्याबद्दल. तुझं पत्र वाचून आधी वाटलं, लिहावं, डॉक्टरला दाखव, एकटी राहू नकोस, जुमाबेकला खाली बोलाव. कागदावर तेवढं लिहिलंही होतं. मग तो कागद फाडला. आईने तुझी पेटी न विचारता उघडली होती. मी तरी तुझ्या दाराबद्दल न विचारता काही बोलू नये.

पण एक विचारते. पाळण्याला नवा पट्टा हवा असेल. जुना उंदरांनी खाल्ला असणार. नोरूझला, वसंताच्या सणाला, तोक्तोला घेऊन येते, तेव्हा लाल की निळा आणू?

सायरा


कारा-बुलुन, १४ एप्रिल

माझ्या सायरा एजे,

लिहिलं बघा. जीभ जागेवर आहे.

तुम्ही गेल्यापासून घर मोठं वाटतं. तुमचे भाऊ म्हणतात, बहीण आठ दिवस राहिली आणि चहाच्या साखरेचं वर्षभराचं पोतं संपवून गेली. तुमचा पांढरा रुमाल राहिला आहे, तो बाकासबरोबर पाठवते. क्लावदियासाठी लोणी वेगळं बांधलं आहे, आणि वर एक हाड आहे ते बुस्यासाठी. त्याला सांगा, पलंगावर बसून खाऊ नये.

शाळा उघडली. कोळसा आला नाही, ऊन आलं. तोक्तो खोकत नाही. लाल पट्टा मी पाळण्याला बांधला. तिने विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, तुझ्या भावंडांसाठी. तिने एवढंच विचारलं, “ती माझ्यापेक्षा मोठी की लहान?” मी पट्ट्याची गाठ आवळली. मग म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, “बरं,” आणि खेळायला गेली.

तुम्ही निघताना म्हणालात, मोयनोकचं काय ठरवते ते कळव. तुमच्या घरी त्याला गालिच्याची सवय झाली, आता तो बाहेर कसा झोपेल, ही काळजी तुम्हाला होती. मलाही होती. परवा खूप गार वारा होता, म्हणून मी दार पूर्ण उघडलं आणि त्याला हाक मारली. म्हटलं, ये, आता तुला कोणी काही म्हणणार नाही. ज्या म्हणाल्या होत्या त्याही टेकडीवर आहेत. तो उठला, आला. पुढचे दोन पाय आत ठेवले, मागचे बाहेर. तसाच उभा राहून त्याने घर पाहिलं, चूल, तोक्तोची गादी, पाळणा. पाळण्याकडे बघताना त्याची शेपटी हलली, थोडीशी, ओळखीच्या माणसाला बघून हलते तशी. मग पाय मागे घेतले आणि आपल्या जागी गेला. आपण सगळ्यांनी त्याच्यासाठी इतकी भांडणं केली, पण त्याला कोणी विचारलं नव्हतं.

तो बाहेरच झोपतो, एजे. पण पूर्वीसारखा दारात आडवा पडत नाही. भिंतीला पाठ लावून कडेला निजतो आणि उंबरठा मोकळा सोडतो. फार नाही, लहान मुलांना यायला-जायला पुरेल एवढाच.

तुमची
कालिपा